मातीवरची हयात

वळायचं डावीकडे आणि स्टिअरिंग फिरवायचं उजवीकडे! अमेरिकेतल्या मातीच्या ट्रॅकवर गाडी अशीच हाकतात, हे मला आधी पटेना. पण मातीवर वळताना मागची चाकं बाहेरच्या बाजूला घसरतात. ती घसरण तोलत वेग राखणं, हीच तिथली कसोटी. अलाबामाच्या रेड फार्मर यांनी त्यात हयात घालवली. १९९३ मध्ये टॅलाडेगाला हेलिकॉप्टर कोसळलं. ते चालवणारा, त्यांच्या मित्राचा मुलगा डेव्ही अ‍ॅलिसन दगावला. शेजारी बसलेले फार्मर वाचले. सावरले आणि पुन्हा शर्यतीत उतरले. २०२० मध्ये नॅस्कारच्या ‘हॉल ऑफ फेम’साठी त्यांची निवड झाली. तेव्हा वय ऐंशीच्या पुढे. तरी टॅलाडेगाच्या छोट्या मातीच्या ट्रॅकवर त्यांची गाडी धावतच होती.