मोबाइल फोन आणि ‘मोफत’चा हिशेब

मंडळाच्या कुठल्याही कार्यक्रमात, जेवणाच्या रांगेत हल्ली मॉर्गेजच्या दरांखालोखाल चर्चा होते ती फोनच्या बिलाची. चौघांच्या कुटुंबाचे बिल महिना २०० डॉलर्सच्या घरात सहज जाते. म्हणजे वर्षाला २४०० डॉलर्स झाले. एवढ्या खर्चाचा निर्णय आपण बहुधा मॉलमधल्या दुकानात, मुले कंटाळलेली असताना, पंधरा मिनिटांत उरकतो. म्हणून हा लेखप्रपंच.

प्रथम एक गोष्ट ध्यानात घ्यावी. जाहिराती डझनभर कंपन्यांच्या दिसल्या तरी अमेरिकेत देशव्यापी जाळी प्रामुख्याने तीनच आहेत: व्हेरायझन, ए.टी. अँड टी. आणि टी-मोबाइल. (स्प्रिंट २०२० साली टी-मोबाइलमध्ये विलीन झाली.) मिंट, व्हिजिबल, क्रिकेट, कन्झ्युमर सेल्युलर वगैरे स्वस्त कंपन्या याच तिघांपैकी कुणाचे तरी टॉवर वापरतात. त्यांतल्या काही तर आता या मोठ्या कंपन्यांच्याच मालकीच्या आहेत. फरक एवढाच की गर्दीच्या वेळी स्वस्त प्लॅनवाल्यांचा डेटा बऱ्याचदा मागे ठेवला जातो, आणि अडचण आल्यास जाऊन बसायला अनेकदा दुकान नसते. तेव्हा आपल्या घरात, ऑफिसात आणि रोजच्या रस्त्यावर तिघांपैकी कुणाचे जाळे चांगले चालते हे शेजाऱ्यांना विचारावे. कंपनीच्या रंगीत नकाशावर फारशी भिस्त ठेवू नये. नव्याने आलेल्यांना स्वस्त प्रीपेड प्लॅनचा आणखी एक फायदा म्हणजे त्यासाठी सहसा क्रेडिट हिस्टरी लागत नाही.

आता ‘मोफत’ फोन. ८०० डॉलर्सचा फोन मोफत म्हणजे त्याची किंमत २४ किंवा ३६ हप्त्यांत विभागून दर महिन्याच्या बिलात लावायची आणि तेवढीच रक्कम सवलत म्हणून वजा करायची. मध्येच कंपनी सोडली तर सवलत थांबते आणि उरलेले हप्ते एकदम भरावे लागतात. शिवाय ही सवलत बहुधा महागड्या प्लॅनवरच मिळते. उदाहरणादाखल, एका माणसाचा ८० डॉलर्सचा प्लॅन ३६ महिने घेतला तर २८८० डॉलर्स होतात. त्याऐवजी ५०० डॉलर्सचा फोन रोख घेऊन ३० डॉलर्सचा प्लॅन घेतला तर तेवढ्याच काळात १५८० होतात. म्हणजे मोफत फोन १३०० डॉलर्सना पडला! मात्र चार-पाच लाइन एकत्र घेतल्यास मोठ्या कंपन्यांचा प्रत्येक लाइनमागचा दर बराच उतरतो आणि ही तफावत कमी होते. म्हणून कागद-पेन्सिल घेऊन कर आणि फीसकट तीन वर्षांची बेरीज करावी. महिन्याचा आकडा फसवा असतो.

फोन निवडताना कॅमेऱ्याचे मेगापिक्सेल मोजण्यापेक्षा सुरक्षिततेचे अपडेट किती वर्षे मिळणार हे पाहावे. गुगलच्या पिक्सेल ८ पासूनच्या आणि सॅमसंगच्या एस २४ पासूनच्या फोनना सात वर्षांचे आश्वासन आहे. अपडेट थांबलेल्या फोनवर बँकेचे व्यवहार करणे मला तरी पसंत नाही. भारतातून आणलेला किंवा फार जुना फोन वापरायचा असेल तर आधी *#०६# दाबून येणारा आयएमईआय क्रमांक कंपनीच्या साइटवर तपासावा. २०२२ मध्ये तिन्ही कंपन्यांनी थ्रीजी बंद केल्यापासून असे काही फोन इथे कॉलच करू शकत नाहीत.

आपल्या मंडळींसाठी मात्र खरा कळीचा मुद्दा भारताचा आहे. माझ्या ओळखीतल्या एका गृहस्थांचे वडील पुण्यात अचानक रुग्णालयात दाखल झाले. भारतातल्या खात्यात पैसे होते, पण ओटीपी जात होता जुन्या भारतीय नंबरवर, आणि तो रिचार्जअभावी केव्हाच बंद पडला होता. शेवटी मेहुण्यांनी पैसे भरले म्हणून निभावले. असा बंद पडलेला नंबर काही काळाने दुसऱ्या ग्राहकालाही दिला जातो, हे अधिकच धोक्याचे. त्यामुळे एकतर भारतीय नंबर वेळच्या वेळी रिचार्ज करून, परदेशातला रोमिंग चालू करून जिवंत ठेवावा. नाहीतर बँकेत इथला नंबर नोंदवावा. एनआरई व एनआरओ खात्यांसाठी अमेरिकेसह दहा देशांतले नंबर यूपीआयला जोडण्याची मुभा २०२३ मध्ये मिळाली, पण आपली बँक ती सोय देते का हे विचारून घ्यावे.

यासाठी फोनमध्ये दोन नंबरांची सोय हवी. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या आयफोन १४ पासून पुढच्या फोनमध्ये सिम घालायची खाचच नाही, फक्त ई-सिम चालते. तेव्हा भारतात असतानाच जिओ किंवा एअरटेलचे कार्ड ई-सिममध्ये बदलून घ्यावे. त्या प्रक्रियेतही त्याच नंबरवर एसएमएस येतो. आणि फोन ‘अनलॉक’ असला पाहिजे. हप्त्यावरचा फोन बहुधा पूर्ण पैसे फिटेपर्यंत लॉक असतो, त्यात भारताचे सिम चालत नाही. मोफत फोनचा हा दुसरा तोटा.

भारतात गेल्यावर अमेरिकन लाइन चालू ठेवून तिचे डेटा रोमिंग तेवढे बंद करावे. इथल्या बँकेचे एसएमएस येत राहतात, आणि दिवसाला दहा-बारा डॉलर्स आकारणारा पास डेटामुळे नकळत सुरू होत नाही. वाय-फाय कॉलिंग निघण्यापूर्वीच सुरू करून, त्यात आपला घरचा पत्ता भरून ठेवावा. ९११ ला वाय-फायवरून फोन लावल्यास तोच पत्ता पुढे जातो. सहा महिन्यांसाठी येणाऱ्या आई-वडिलांच्या फोनवर तर हे पहिल्याच दिवशी करावे. त्यांना स्वस्तातला प्रीपेड प्लॅन पुरतो, व्हॉट्सअ‍ॅप घरच्या वाय-फायवर चालतेच.

कंपनी बदलताना जुने खाते आधी बंद करू नये, नंबर हातचा जातो. जुन्या कंपनीकडून खाते क्रमांक आणि ट्रान्सफर पिन घ्यावा, नंबर नव्या कंपनीत आला की जुने खाते आपोआप बंद होते. तसेच कंपनीच्या अ‍ॅपमध्ये नंबर लॉक करण्याची सोय असेल तर ती एरवी चालू ठेवावी, म्हणजे कुणी भामटा परस्पर आपला नंबर हलवून बँकेचे ओटीपी पळवू शकणार नाही. स्वतः कंपनी बदलताना तेवढी ती बंद करावी लागते.