स्त्रीपार्टी आणि नाच्या

संगीत नाटकातल्या स्त्रीपार्टाचा विषय निघाला की एक कारण हमखास सांगितलं जातं: घरंदाज बायका रंगभूमीवर येत नव्हत्या, म्हणून पुरुषांना लुगडं नेसावं लागलं. १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांचं ‘शाकुंतल’ आलं आणि पुढे भाऊराव कोल्हटकरांची सुभद्रा गाजली, त्या काळापुरतं ते खरंही आहे. पण नाइलाजाने सुरू झालेली प्रथा नाइलाज सरला की संपायला हवी होती. तसं झालं नाही. कमलाबाई गोखले लहानपणापासून फिरत्या कंपन्यांतून कामं करत होत्या, पुरुषांचीसुद्धा. पुढे हिराबाई बडोदेकर संगीत नाटकांत आल्या. १९३३च्या ‘आंधळ्यांची शाळा’त ज्योत्स्ना भोळे आणि पद्मा वर्तक उभ्या राहिल्या. तरीही स्त्रीपार्टी बालगंधर्वांना, म्हणजे नारायणराव राजहंसांना, पाहायला लोक जातच राहिले. १९३५ साली ‘धर्मात्मा’ चित्रपटात एकनाथांची भूमिका केल्यानंतरही ते रंगभूमीवर परतले ते स्त्रीवेशातच.

मला वाटतं, हा प्रेक्षक बाईची उणीव भरून काढायला जात नव्हता. बाई कशी असावी हे बघायला जात होता. बालगंधर्वांची ‘मानापमान’मधली भामिनी (१९११), ‘स्वयंवर’ची रुक्मिणी (१९१६), ‘एकच प्याला’ची सिंधू (१९१९) यांनी ते चित्र पक्कं केलं. चापूनचोपून नेसलेला भरजरी शालू, अंबाड्यावरचा गजरा, नाकातली नथ, पदर सावरताना किंचित झुकणारी मान. सुशिक्षित घरांतल्या बायका त्यांच्या नेसणीची आणि दागिन्यांची नक्कल करू लागल्या. एका पुरुषाने घडवलेला कुलीनतेचा नमुना खऱ्या बायकांनी गिरवला, आणि पुढे आलेल्या नट्यांना त्याच मापाने मोजलं गेलं. या वेशामुळे बालगंधर्वांच्या मानाला धक्का लागला नाही. ‘बालगंधर्व’ ही पदवी लोकमान्य टिळकांची, असं सांगतात. १९२१ साली टिळक स्वराज्य फंडासाठी झालेल्या ‘संयुक्त मानापमाना’त ते भामिनी होते आणि केशवराव भोसले धैर्यधर.

त्याच महाराष्ट्रात तमाशाच्या बोर्डावरही पुरुष बाईपण वठवत होता. गवळणीत कृष्ण ज्यांची वाट अडवतो त्या गौळणींबरोबरची मावशी पुरुषच असतो. खांद्यावर पदरासारखं वस्त्र टाकून, कमरेवर हात ठेवून तो सवालजवाबाला उभा राहतो. बायकी हावभाव करणारा नाच्याही तसाच. त्याच्या वाट्याला मात्र पदवी आली नाही, चिडवणं आलं. तमाशापटांतून नाच्या अजरामर करणाऱ्या गणपत पाटलांच्या पुरुषत्वाबद्दल लोक प्रत्यक्ष आयुष्यात शंका घेत. संसार, मुलंबाळं असूनही त्यांना हे सोसावं लागलं. यावर कोणी म्हणेल, तुलनाच चुकीची आहे. बालगंधर्वांचं गाणं कुठे आणि नाच्याचे चाळे कुठे! गाण्याची थोरवी मला मान्यच आहे. पण नाच्याचं काम सोपं नाही. हजरजबाबीपणा, ढोलकीवर नेमकं पडणारं पाऊल आणि समोरच्याचं बोलणं झेलून परतवण्याची तयारी लागते. शिवाय कमी प्रतीच्या कलेला कमी दाद मिळते, शिवी मिळत नाही. गाण्यात सुमार असलेल्या कुठल्या स्त्रीपार्ट्याला लोकांनी शिव्या घातल्या? फरक कलेचा नव्हता. एकाच्या लुगड्यात पांढरपेशा प्रेक्षकाला स्वतःच्या घरची लक्ष्मी दिसत होती, आणि दुसऱ्याच्या हावभावांत जातीने आणि पैशाने खालच्या ठरवलेल्या माणसांचा खेळ.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: नाच्या पुरुष आणि स्त्री यांच्या मधला माणूस म्हणूनच उभा राहतो, तर स्त्रीपार्टी पूर्ण स्त्री होतो, समाज बिचकतो तो त्या मधल्या जागेला. यात तथ्य आहे. स्त्रीपार्ट्याचा मान टिकला, कारण रंग उतरल्यावर तो नारायणराव राजहंस म्हणून घरी जात असे आणि कोणालाही प्रश्न पडत नसे. पण मग गणपत पाटीलही घरीच जात होते की. तोंडाला लावलेला रंग त्यांचाही उतरतच होता. तो उतरला असं मानायला समोरचा समाज तयार नव्हता. सिंधुदुर्गातला दशावतार इथे फार महत्त्वाचा ठरतो. तिथे आजही जत्रेत रात्रभर पुरुष राणी होऊन रडतो, गातो, आणि गाव त्याला कलावंत म्हणून ओळखतं. तो प्रेक्षक शहरी नाही, सुखवस्तूही नाही. पण तो खेळ देवळाच्या आवारात, देवाच्या जत्रेत होतो, आणि नट त्याच मुलखातला, माहितीतला असतो. तमाशाच्या फडाला असं आवार कधी मिळालंच नाही.