द्राक्षबागेतला जुना ट्रॅक्टर

निफाड-दिंडोरी असो की तासगाव-पंढरपूर, द्राक्षाच्या दोन ओळींत साधारण नऊ फुटांची जागा असते. वर अँगल आणि तारा, खाली ठिबकच्या नळ्या. उसाच्या रानात फिरणारं ४५ एचपीचं धूड तिथं वळवायचं म्हटलं तर वेलीची फांदी तरी मोडते नाहीतर मडगार्ड तरी. म्हणून पॉवर टिलरनंतर बागायतदारांनी जवळ केला तो मिनी ट्रॅक्टर. महिंद्राचा एका सिलिंडरचा १५ एचपी युवराज, व्हीएसटीचा तीन सिलिंडरचा साडेअठरा एचपीचा एमटी १८० डी, कुबोटाचा २४ एचपीचा फोर व्हील निओस्टार ही त्यातली नेहमी कानावर येणारी नावं. दोन-तीन एकरवाला बागायतदार नव्याची किंमत ऐकतो आणि जुन्याच्या शोधाला लागतो.

मात्र बागेतला जुना ट्रॅक्टर पारखताना शेतातल्या ट्रॅक्टरची फूटपट्टी लावून चालत नाही. याचं आयुष्य नांगरटीत गेलेलं नसतं, फवारणीत गेलेलं असतं. ऑक्टोबर छाटणी झाली की डाऊनी आणि भुरीच्या धास्तीनं मागं ब्लोअर जोडला जातो, तो हंगामभर सुटत नाही. पीटीओ ५४० फेऱ्यांवर ठेवायचा म्हणजे इंजिन चढ्या रेसवर, आणि गाडी मात्र ओळीतून माणसाच्या चालीनं. शिवाय ब्लोअरनं उडवलेला मोरचूद-चुन्याचा तुषार वेलीवर बसतो तसा ट्रॅक्टरवरही बसतो. मोरचूद लोखंड खातो. त्यामुळं बॅटरीची टर्मिनलं, वायरिंगचे जोड, मागच्या हबचे बोल्ट आणि रेडिएटरची जाळी या चार जागा आधी बघाव्यात. जाळीत पांढरट-निळसर थर आणि धूळ घट्ट बसली असेल तर हे इंजिन कधीतरी तापलेलं आहे, असं खुशाल धरून चाला.

तासांच्या मीटरवर फार विसंबू नये. केबलवरचा जुना मीटर इंजिनाच्या फेऱ्या मोजतो, घड्याळ नव्हे. ठरलेल्या रेसवर त्याचा तास खरा तास असतो, कमी रेसवर तो मागं पडतो आणि केबल तुटली की जागेवर थांबतो. मीटर ९०० तास सांगतो आणि क्लचच्या पेडलवरच्या खाचा मात्र झिजून गुळगुळीत झालेल्या, असं दिसलं तर पेडलचं ऐकावं.

बघायला जायचं ते सकाळी, इंजिन गार असताना. पोहोचल्यावर आधी बॉनेटला हात लावा. गरम लागलं तर मालकानं तुमच्या आधी एकदा चालू करून ठेवलंय, आणि त्याला कारण असतं. गार इंजिन सेल्फच्या एक-दोन वेटोळ्यांत उचललं, थोडा पांढरा धूर आला आणि गरम झाल्यावर गेला, तर हरकत नाही. निळसर धूर राहिला तर ऑइल जळतंय. काळा धूर लोडवर घटकाभर दिसला तर चालतो. सतत येत असेल तर हवा अडलीय किंवा नोझल बिघडलाय. मग ऑइल भरायचं झाकण उघडून बघा. तिथून भकाभका वाफ येत असेल तर रिंगा आणि लायनर गेले, कॉम्प्रेशन खाली उतरतंय. डिपस्टिकवर ऑइल दुधाळ दिसलं तर पाणी मिसळलंय. पातळ होऊन पातळी वर चढलेली असेल तर डिझेल उतरतंय.

या सगळ्यांपेक्षा मला एक तपासणी मोलाची वाटते. एअर क्लीनरपासून इंजिनाकडे जाणारा रबरी पाइप क्लिप ढिली करून काढायचा आणि आतून बोट फिरवायचं. बोट स्वच्छ आलं तर पुढं बोलू. राखाडी धुळीची पूड लागली तर क्लीनर ओलांडून माती आत गेली आहे आणि ती लायनर घासत बसली आहे. पाइपाला पडलेली चीर शंभर-दोनशे रुपयांची असते, पण तिच्यापायी इंजिन उतरवावं लागतं. एवढ्या एका कारणावरून सौदा सोडला तरी चालेल.

बाकीचं पटकन उरकतं. पुढचा अॅक्सल जॅकवर उचलून चाक हलवा, किंगपिनचा खेळ कळतो. लिफ्टवर वजन उचलून इंजिन बंद करा. ते बघता बघता खाली आलं तर हायड्रॉलिकमध्ये गळती आहे. पीटीओच्या सीलजवळ ओल आहे का पाहा. एका सिलिंडरच्या इंजिनाला हादरे जास्त, त्यामुळं सायलेन्सर आणि मडगार्डचे नट ढिले सापडणारच, त्याचा बाऊ करू नये. उलट त्याचं बोअरचं काम निघालं तर पिस्टन एक, लायनर एक, नोझल एक.

आणि नवा रंग? नव्या रंगाच्या ट्रॅक्टरपेक्षा गंजका, पण ऑइल वेळेवर बदललेला ट्रॅक्टर केव्हाही बरा. या लहान यंत्रांचा मोठा गुण म्हणजे साधेपणा. २०२३ पासून लागू झालेले धुराचे कडक नियम ५० एचपीच्या वरच्या ट्रॅक्टरांना आहेत. मिनीमध्ये अजून साधा यांत्रिक पंप असतो आणि तो तालुक्याच्या गावी खोलता येतो.

कागदांत आरसी बुकावरचा इंजिन नंबर आणि चासी नंबर प्रत्यक्ष पुसून जुळवा. नावावर करायला फॉर्म २९ आणि ३० लागतात. बँकेचा बोजा असेल तर तो उतरवायचा फॉर्म ३५ हातात पडेपर्यंत पूर्ण रक्कम देऊ नका.

घरी आणल्यावर पहिल्याच आठवड्यात इंजिन ऑइल, ऑइल फिल्टर, डिझेल फिल्टर आणि कूलंट, सगळं बदलून टाकावं. आधीच्यानं कधी बदललं याची चौकशी करत बसू नये. विहिरीचं जड पाणी रेडिएटरमध्ये ओतू नका, आत क्षार धरतात. फिल्टर बदलला की डिझेल लाइनीतली हवा काढावी लागते. ब्लीड स्क्रू ढिला करून हातपंप मारत राहायचं, बुडबुडे थांबून सलग डिझेल आलं की आवळायचं. मात्र चालू इंजिनाच्या नोझल पाइपाची गळती बोटानं चाचपू नका. तो फवारा कातडी भेदून आत जातो. फवारणीच्या हंगामात रोज संध्याकाळी साध्या पाण्यानं गाडी धुवा, जाळीत पाणी आतून बाहेर मारा आणि मग ग्रीस गन फिरवा. टाकी रात्री भरलेली ठेवली तर आत दव धरत नाही.

जुन्या ट्रॅक्टरवर हमखास गायब असलेली वस्तू म्हणजे पीटीओ शाफ्टचं कव्हर. ५४० फेऱ्या म्हणजे सेकंदाला नऊ. उपरण्याचं टोक किंवा साडीचा पदर अडकला तर सोडवायला वेळ मिळत नाही. ब्लोअर जोडण्याआधी ते कव्हर बसवून घ्या.