पहिला कोण? रांगोळीला विचारा!

दिवाळीच्या सुटीत भंडाऱ्याच्या आमच्या घरी भाचेमंडळी जमली, की पहिला फटाका अंगणात नव्हे, कॅरमवर फुटतो! यंदा चौघे होते. त्यांना गावावरूनच हाक मारायची आमची रीत : तुमसरकर, साकोलीकर, लाखनीकर आणि सर्वांत धाकटी पवनीची चिमी. प्रत्येकाने प्रत्येकाशी एकेक डाव खेळायचा, असे ठरले. म्हणजे एकूण सहा डाव.

तुमसरकराने साकोलीकराला आणि लाखनीकराला हरवले. साकोलीकराने लाखनीकराला आणि चिमीला, लाखनीकरानेही चिमीला. चिमीने मात्र थेट तुमसरकरालाच लोळवले!

मुलांनी परस्पर नंबर लावले : तुमसर, साकोली, लाखनी, पवनी. चिमीचे डोळे भरून आले.

"मामा, मी त्याला हरवलं, तरी मीच शेवटची?"

प्रश्न रास्त होता. मी रांगोळी घेऊन अंगणात चार ठिपके काढले आणि जिंकणाऱ्याकडून हरणाऱ्याकडे बाण ओढले. गणितात अशा आकृतीला 'टूर्नामेंट'च म्हणतात. कोणत्याही दोन ठिपक्यांमध्ये बाण एकच.

लास्लो रेदेई या हंगेरियन गणितज्ञाने १९३४ साली सिद्ध केले, की खेळाडू कितीही असोत, प्रत्येकाने आपल्या लगेच मागच्याला हरवले आहे, अशी रांग लागतेच. युक्ती सोपी आहे. लागलेल्या रांगेत नवा गडी आला, तर पुढून पाहत जावे. त्याने हरवलेला पहिला जो भेटेल, त्याच्या पुढे त्याला उभे करावे. त्याआधीच्या सर्वांनी त्याला हरवलेलेच असते! कोणीच न भेटला, तर तो शेवटी.

गंमत पुढेच आहे. अशा रांगांची संख्या नेहमी विषम असते, हेही रेदेईंनी दाखवले. आमच्या अंगणात त्या पाच निघाल्या! मुलांची रांग त्यांतली एक. आणि 'पवनी, तुमसर, साकोली, लाखनी' हीदेखील तितकीच खरी. बाण गोल फिरत असले, की असेच व्हायचे. ते कुठेच गोल फिरत नसतील, तरच रांग एकच निघते.

चिमीने ठिपक्यांवरून पुन्हा पुन्हा बोट फिरवून खात्री करून घेतली. तुमसरकर मात्र गप्प होता. थोड्या वेळाने तो म्हणाला, "चिमे, चल, आणखी एक डाव!"

वाचकहो, घरोघरी मुलांचे नंबर लावण्याची आपल्याला भारी घाई. त्याआधी एकदा बाण काढून पाहावेत!