पत्ता : अक्षांश अमुक, रेखांश तमुक

अमेरिकी नौदलातून निवृत्त झालेला माणूस गेला की काही महिन्यांनी, कधी कधी त्याहूनही उशिरा, त्याच्या घरी एक पत्र येतं. खाली एखाद्या युद्धनौकेच्या कप्तानाची सही असते. तारीख, वेळ, अक्षांश आणि रेखांश हा त्यातला मुख्य मजकूर. तुमच्या वडिलांना, किंवा आईला, आम्ही या ठिकाणी समुद्राच्या स्वाधीन केलं. बऱ्याचदा सोबत फोटो असतात, सलामीच्या काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या असतात, आणि घरच्यांनी पाठवलेला राष्ट्रध्वज नीट त्रिकोणी घडी घालून परत आलेला असतो. त्या विधीला घरातलं कुणीही हजर नसतं. तसा नियमच आहे.

अमेरिकी नौदलाची ही सागरी अंत्यसंस्काराची योजना टेनेसी राज्यातल्या मिलिंग्टन इथल्या कार्यालयातून चालते. हे गाव समुद्रापासून शेकडो मैल आत आहे, पण नौदलाचा सगळा मनुष्यबळाचा कारभार तिथूनच होतो. कुणालाही समुद्रात विसावता यावं म्हणून काढलेली ही सोय नाही. सेवेत असलेले सैनिक, निवृत्त झालेले, सन्मानानं सेवामुक्त झालेले माजी सैनिक आणि या सगळ्यांवर अवलंबून असलेले कुटुंबीय, एवढ्यांनाच ती मिळते. ‘मिलिटरी सीलिफ्ट कमांड’च्या जहाजांवर काम करणारे नागरी खलाशीही तिच्यात येतात. माजी सैनिक नौदलाचाच असला पाहिजे असं मात्र नाही. आयुष्यभर चिखलात बूट घासलेला पायदळाचा शिपाईही अर्ज करू शकतो. पतीनं सेवा केली आणि पत्नी आधी गेली, तर तिलाही हा मान मिळतो.

अर्ज कुणी करायचा, हे अमेरिकी कायदा ठरवतो. पार्थिवाची व्यवस्था लावण्याचा अधिकार ज्या एका माणसाकडे असतो, सही त्याचीच चालते. आधी पती किंवा पत्नी, मग मुलं, असा तो क्रम. अर्जासोबत मृत्यूचा दाखला, दहनाचं प्रमाणपत्र किंवा पार्थिव नेण्याचा परवाना, आणि सेवामुक्तीचा कागद जोडावा लागतो. या शेवटच्या कागदाला तिकडे ‘डीडी 214’ म्हणतात. अमेरिकेत माजी सैनिकाची कुठलीही सवलत या कागदावाचून हलत नाही, आणि नेमका हाच कागद माणूस गेल्यावर घरात सापडत नाही. मग अर्ज, विनंत्या, जुन्या नोंदींचा शोध, हे सगळं मागे लागतं.

रक्षा असली तर ती घट्ट झाकणाच्या भांड्यात भरून, टपालानं, नोंद ठेवून ठरलेल्या बंदरावर पाठवायची. अटलांटिकच्या बाजूला नॉरफोक आणि जॅक्सनव्हिल, पॅसिफिकच्या बाजूला सॅन डिएगो आणि ब्रेमर्टन, शिवाय हवाई, ही नेहमीची बंदरं. नौदल विधीचे पैसे घेत नाही. बंदरापर्यंत पोचवण्याचा आणि त्याआधीच्या तयारीचा खर्च मात्र माजी सैनिकाच्या घरच्यांनी सोसायचा. पुढे एखादं जहाज आपल्या कामासाठी समुद्रात निघतं, तेव्हा या रक्षा त्याच्यावर चढतात. त्यांच्यासाठी म्हणून जहाज सोडलं जात नाही. घरच्यांना नेता येत नाही ते याचमुळे, आणि एवढा वेळ लागतो तोही याचमुळे.

दहन न करता देह जसाच्या तसा समुद्रात सोडायचा असेल तर प्रकरण अवघड होतं. समुद्र पेटी सहजासहजी गिळत नाही. आत हवा राहिली तर ती तरंगते, लाटांवर हेलकावे खाते, फुटते, आणि चार दिवसांनी भलत्याच किनाऱ्याला लागू शकते. म्हणून शवपेटी धातूची लागते. तिला 2 इंच व्यासाची किमान 20 भोकं पाडायची, तीही तळाला, झाकणाला आणि बाजूंना सारखी वाटून, म्हणजे एकीकडून पाणी शिरतं आणि दुसरीकडून हवा सुटते. आतली प्लास्टिकची गादी, अस्तर काढून टाकायचं. वजन घालायचं. मग गंज न चढणाऱ्या पोलादाच्या पाच-सहा पट्ट्या पेटीभोवती आवळायच्या, काही आडव्या, एक उभी, म्हणजे पाण्याच्या दाबानं झाकण उघडणार नाही. हे सगळं अंत्यसंस्कारांचा व्यवसाय करणाऱ्यानं करून द्यायचं असतं. गुळगुळीत पॉलिश केलेल्या महागड्या पेटीवर ड्रिल चालवताना त्या माणसाच्या मनात काय येत असेल, हा विचार मला चुकवता आलेला नाही.

या भोकांची एक विचित्र कथा इतिहासात आहे. 1963 साली डल्लासमध्ये राष्ट्राध्यक्ष केनेडी यांचा खून झाला, तेव्हा त्यांचा देह एका ब्राँझच्या पेटीतून वॉशिंग्टनला आणला. पेटीला प्रवासात इजा झाली होती, म्हणून दफन दुसऱ्या पेटीतून झालं. ही रिकामी पेटी बघ्यांच्या, संग्राहकांच्या हाती लागू नये असं कुटुंबाला वाटत होतं. शेवटी फेब्रुवारी 1966 मध्ये तिला चाळीसहून जास्त भोकं पाडली, आत वाळूच्या गोण्या भरल्या, आणि लष्करी विमानातून अटलांटिकमध्ये खोल पाण्यात सोडून दिली. केनेडी स्वतः नौदलातले. त्यांच्या पेटीला समुद्र मिळाला, त्यांना आर्लिंग्टनच्या राष्ट्रीय दफनभूमीची जमीन.

आता विधी. जहाजावर ‘ऑल हँड्स, बरी द डेड’ अशी हाक फिरते. जमलं तर जहाज थांबतं, नाहीतर वेग कमी होतो. ध्वज अर्ध्यावर उतरतो. रिकामे असलेले खलाशी पूर्ण गणवेशात डेकवर रांगा धरतात. पेटी ध्वजाखाली असते, पाय समुद्राकडे. धर्मगुरू असेल तर तो, नसेल तर कप्तान किंवा एखादा अधिकारी प्रार्थना म्हणतो. फळी तिरकी होते, पेटी घसरते आणि ध्वज मात्र खलाशांच्या हातात राहतो. रक्षा असेल तर वारा जिकडे वाहत जातो त्या कठड्यावरून ती सोडायची, नाहीतर ती डेकवर उभ्या माणसांच्या अंगावर येते. सात बंदुका तीन वेळा सुटतात, बिगुल वाजतो, ध्वजाची घडी होते. मग लोक आपापल्या कामाला लागतात. गेलेल्या माणसाला त्यांच्यापैकी कुणीही ओळखत नसतं. तरीही विशीतली पोरं वाऱ्यात ताठ उभी राहून एका अनोळखी म्हाताऱ्याला निरोप देतात, याचं मोल मला घरच्यांच्या गैरहजेरीपेक्षा कमी वाटत नाही.

अर्जावर धर्माची नोंद असते आणि विधी त्याप्रमाणे करायचा प्रयत्न होतो. धर्माचा विधी पाळण्याची ही रीत किती लांब जाते, हे आपल्याच अरबी समुद्रात दिसलं. 2 मे 2011 रोजी ‘कार्ल विन्सन’ या विमानवाहू नौकेवरून ओसामा बिन लादेनचा देह समुद्रात सोडला. सैनिकी मान अर्थातच नव्हता. पण देहाला स्नान घातलं, पांढऱ्या कापडात गुंडाळलं, अधिकाऱ्यानं धार्मिक मजकूर वाचला, त्याचं अरबीत भाषांतर झालं, आणि फळी तिरकी झाली.

घरच्यांना न नेण्याच्या नियमाला अपवाद झाले आहेत, पण ते कुणासाठी झाले तेही बघायला हवं. चंद्रावर पहिलं पाऊल ठेवणारे नील आर्मस्ट्राँग हे कोरियाच्या युद्धात लढलेले नौदलाचे वैमानिक. ते ऑगस्ट 2012 मध्ये गेले, आणि 14 सप्टेंबरला ‘फिलिपीन सी’ या नौकेवरून त्यांची रक्षा अटलांटिकमध्ये सोडली. पत्नी कॅरोल डेकवर होत्या. ध्वज कप्तानानं त्यांच्या हातात दिला. त्याआधी जुलै 1999 मध्ये केनेडींचा मुलगा विमान अपघातात गेला. तो सैनिक नव्हता, तरी त्याची रक्षा ‘ब्रिस्को’ या विनाशिकेवरून सोडली, कुटुंब जहाजावर होतं, आणि त्यावर टीकाही झाली. आर्मस्ट्राँगबद्दल तक्रार करणारा माणूस विरळाच. दुसऱ्या प्रसंगात मात्र मला टीकाकारांची बाजू पटते. चाळीस वर्षं यंत्रघरात तेल पुसलेल्या खलाशाच्या बायकोला किनाऱ्यावर थांबा म्हणायचं असेल, तर ते सगळ्यांनाच म्हणायला हवं.

या सगळ्याहून वेगळी, आणि आता बंद झालेली वाट पर्ल हार्बरला होती. 7 डिसेंबर 1941 च्या हल्ल्यात ‘ॲरिझोना’ ही युद्धनौका बुडाली आणि तिच्यावरचे 1177 जण गेले. त्यातले नऊशेहून जास्त आजही तिच्या पोटातच आहेत. वाचलेल्यांपैकी अनेकांना म्हातारपणी वाटू लागलं, की आपली जागाही तिथेच आहे. 1982 पासून त्यांना तशी परवानगी मिळाली. अट एकच, हल्ल्याच्या वेळी माणूस ‘ॲरिझोना’च्या खलाशांपैकी असला पाहिजे. आधी कधीतरी तिच्यावर काम केलेल्यांची रक्षा वरच्या पाण्यात सोडता येते, जहाजाच्या आत जाता येत नाही.

आत जाणाऱ्याचा कलश पाणबुडे घेऊन जायचे. घरचे लोक बुडालेल्या जहाजावर आडव्या उभारलेल्या पांढऱ्या स्मारकात उभे. पाणबुडे कलश धरून चौथ्या तोफेच्या बुरुजापाशी पोहत जायचे. वरची तोफ केव्हाच काढलेली, खाली गोल विहिरीसारखी पोकळी उरलेली. कलश तिच्या तोंडाशी धरायचा आणि सोडायचा. तो अंधारात खाली जायचा, जहाजाच्या आत, जुन्या सोबत्यांकडे.

लॉरेन ब्रूनर हे या वाटेनं गेलेले शेवटचे. हल्ल्यात त्यांचं सत्तर टक्क्यांहून जास्त अंग भाजलं होतं. पेटलेल्या मनोऱ्यावरून शेजारच्या ‘व्हेस्टल’ जहाजापर्यंत ताणलेल्या दोरावर, भाजलेल्या हातांनी लोंबकळत, ते पार झाले. सप्टेंबर 2019 मध्ये 98 व्या वर्षी ते गेले आणि त्याच वर्षी 7 डिसेंबरला त्यांचा कलश ‘ॲरिझोना’त गेला. असे ते 44 वे. शेवटचे वाचलेले खलाशी लू काँटर 102 वर्षांचे होऊन एप्रिल 2024 मध्ये गेले. त्यांना जहाजात जायचं नव्हतं. हा मानही कुणावर लादलेला नव्हता, हे चांगलं झालं.

घरच्यांना स्वतः हजर राहायचं असेल तर नौदलाच्या पायऱ्या चढू नयेत. बोट भाड्यानं घ्यावी. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेनं त्यासाठी सरसकट परवानगी देऊन ठेवली आहे, वेगळा अर्ज लागत नाही. रक्षा किनाऱ्यापासून किमान 3 सागरी मैल, म्हणजे साधारण साडेपाच किलोमीटर दूर सोडायची. अखंड देह असेल तर त्या जागी पाणी किमान 600 फूट खोल हवं, आणि फ्लोरिडाच्या काही भागांत आणि मिसिसिपीच्या मुखाजवळ 1800 फूट. फुलं चालतात, प्लास्टिकची नाहीत. नंतर 30 दिवसांत संस्थेला कळवायचं. तटरक्षक दलाच्या काही तुकड्याही माजी सैनिकांची रक्षा सोडून देतात, आणि कधी कधी नातेवाइकांना बोटीवर घेतात. ते त्या त्या तुकडीच्या सवडीवर आणि प्रमुखाच्या मर्जीवर.

इंग्लंडची तऱ्हा निराळी. रक्षेला परवाना लागत नाही. देहाला लागतो, आणि ठरलेल्या जागा तीनच आहेत : न्यूहेवनजवळ, आइल ऑफ वाइटच्या नीडल्सपाशी आणि टाइनमाउथला. मच्छीमारांच्या जाळ्यात देह येऊ नये, हे त्यामागचं सरळ कारण.

अमेरिकेच्या सैन्यात आज भारतीय वंशाची मुलं-मुली आहेत, त्यांत मराठी घरांतलीही. नौदलाची सोय त्यांच्या आई-वडिलांनाही मिळू शकते, पण ते त्यांच्यावर अवलंबून असले तरच. आपल्याकडची अडचण जागेची नाही, वेळेची आहे. अस्थी तिसऱ्या दिवशी गोळा कराव्यात, दहाव्याच्या आत पाण्यात सोडाव्यात, तोवर त्या घरात आणू नयेत म्हणून कलश झाडाला टांगावा, अशी ज्यांची रीत आहे त्यांना जहाजाची महिनोन् महिने वाट बघणं जड जाणारच. अशा घरांनी आधीच ठरवलेलं बरं. बंदुकांची सलामी आणि युद्धनौकेचा डेक हवा असेल तर धीर धरावा लागेल आणि आपण तिथं नसू, हेही स्वीकारावं लागेल. आपल्या हातानंच सोडायचं असेल तर भाड्याची बोट आणि तीन मैल, हेच उत्तम. माणसाला काय हवं आहे हे तो बोलता असतानाच विचारून ठेवा, आणि ‘डीडी 214’ कुठे ठेवलाय तेही.

राहता राहिला प्रश्न थडग्याचा. फुलं कुठे वाहायची, नातवंडांना नाव कुठे दाखवायचं? देह किंवा रक्षा समुद्रात गेलेल्या माजी सैनिकाच्या नावानं स्मृतिशिळा मिळण्याचा हक्क कायम राहतो. अमेरिकेचं माजी सैनिक खातं राष्ट्रीय दफनभूमीत त्याच्या नावाची शिळा विनामूल्य बसवून देतं. तिच्यावर ‘यांच्या स्मरणार्थ’ असं कोरलेलं असतं आणि खाली काही पुरलेलं नसतं. ती मागण्यासाठी मात्र वेगळा अर्ज करावा लागतो, नौदलाचं कार्यालय तो आपण होऊन करत नाही.