भिंतींवर कसली पीएचडी?

घरातल्या कुणी शाळेच्या वर्गरचनेवर पीएचडी करायचं ठरवलं की नातेवाइकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: भिंतींवर कसली पीएचडी? दुसरा जरा दबक्या आवाजात येतो: आणि त्याला पैसे कोण देणार? दोन्ही प्रश्नांच्या मुळाशी गैरसमज आहेत आणि ते फक्त नातेवाइकांपुरते नाहीत.

वर्गरचना म्हणजे रंगरंगोटी, तिचा शिकण्याशी काय संबंध, हा त्यातला सर्वांत जुना. न्यूयॉर्कमध्ये मॅनहॅटनच्या उत्तर टोकाला पी. एस. ९८ नावाची शाळा आहे. तिच्या एका बाजूने पुलावरची रेल्वे जायची, साधारण दर साडेचार मिनिटांनी. गाडी आली की वर्गातला आवाज ८९ डेसिबलपर्यंत चढायचा आणि बाई वाक्य अर्धवट सोडून गप्प व्हायच्या. आर्लीन ब्रॉन्झाफ्ट या मानसशास्त्रज्ञ महिलेने तिथे एक साधी तुलना केली: रुळांकडच्या वर्गांतली मुलं आणि त्याच इमारतीच्या शांत बाजूची मुलं. १९७५ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात सहावीपर्यंत रुळांकडची मुलं वाचनात जवळपास वर्षभर मागे पडलेली आढळली. पुढे रेल्वेने रुळांखाली रबरी पट्ट्या बसवल्या आणि वर्गांना आवाज शोषणारी छतं मिळाली. १९८१च्या अभ्यासात दोन्ही बाजूंमधला फरक नाहीसा झाला होता. मुलं त्याच वस्तीतली, शाळा तीच. बदलला तो आवाज.

या कामाला महागडी प्रयोगशाळा लागली नाही, हेही लक्षात घेण्यासारखं. वाचनचाचणीचे गुण शाळेच्या दप्तरात होतेच. ते प्रश्न घेऊन तपासणारं माणूस लागलं.

दुसरा गैरसमज आकड्यांचा. 'चांगल्या वर्गामुळे गुण १६ टक्क्यांनी वाढतात' हे वाक्य सादरीकरणांतून फिरत असतं. त्याचा उगम इंग्लंडमधल्या सॅल्फर्ड विद्यापीठाच्या संशोधनात आहे. पीटर बॅरेट यांच्या गटाने २७ प्राथमिक शाळांतले १५३ वर्ग आणि ३,७६६ मुलं अभ्यासली, अहवाल २०१५चा. त्यांचं म्हणणं वेगळं होतं: वर्षभरात काही मुलं जास्त पुढे जातात, काही कमी, आणि या तफावतीतला १६ टक्के भाग वर्गाच्या भौतिक गुणांशी जोडता येतो. उरलेला बराच मोठा भाग इतर कारणांचा. शिवाय शाळेच्या एकूण इमारतीपेक्षा मूल जिथे दिवस काढतं त्या वर्गाचं वजन अधिक निघालं, आणि त्यातही निम्मा वाटा उजेड, तापमान, हवा अशा गोष्टींचा. म्हणजे प्रवेशद्वारावर कमान उभारण्याआधी वर्गातल्या बंद खिडक्या उघडणं बरं.

आता बोलक्या भिंती. जिल्हा परिषदेच्या शाळांत पाढे, नकाशे, फळं, महापुरुष यांनी भिंत भरली की शाळा 'सुंदर' ठरते. पण अमेरिकेत २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात बालवर्गाच्या २४ मुलांना काही धडे सजवलेल्या वर्गात आणि काही साध्या वर्गात शिकवले गेले. सजवलेल्या वर्गात मुलांचं लक्ष ३८.६ टक्के वेळ भलतीकडे होतं, साध्या वर्गात २८.४ टक्के. धड्यावरच्या प्रश्नांची बरोबर उत्तरं अनुक्रमे ४२ आणि ५५ टक्के. मुलं २४च, त्यामुळे यावरून गावोगावच्या भिंतींवर चुना फासायला निघू नये. सॅल्फर्डच्या गटालाही अगदी कोरा वर्ग मुलांच्या फायद्याचा वाटला नाही. मध्यम सजावट उत्तम ठरली. कबीर वाजपेयी यांच्या 'विन्यास' संस्थेने आपल्याकडे रुजवलेली 'बाला' ही, शाळेची इमारतच शिकण्याचं साधन मानणारी, कल्पनाही चित्रांपुरती कधीच नव्हती. दाराखालच्या फरशीवर अंश आखले, की दार उघडताना मुलाला कोन दिसतो. हे रंगकाम नव्हे, वास्तुकाम आहे.

मुलांचं स्वास्थ्य मोजता येत नाही, असंही म्हटलं जातं. इलिनॉयमधल्या पाच माध्यमिक शाळांतल्या ९४ विद्यार्थ्यांना तीन प्रकारच्या खोल्यांत बसवलं गेलं: बिनखिडकीच्या, खिडकीतून इमारती दिसणाऱ्या आणि झाडं दिसणाऱ्या. २०१६च्या या अभ्यासात हृदयगती आणि त्वचेची विद्युतवाहकता नोंदवली होती. छोट्या विश्रांतीनंतर झाडांकडे खिडकी असलेल्यांचं लक्ष आणि ताणातून सावरणं, दोन्ही सरस ठरलं.

राहिले पैसे. 'अशा विषयाला कुणी फेलोशिप देत नाही' हे खरं नाही. यूजीसीची कनिष्ठ फेलोशिप १ जानेवारी २०२३पासून दरमहा ३७,००० रुपये आहे आणि दोन वर्षांनंतर ४२,०००. आयआयटीतली फेलोशिपही याच दराची. पंतप्रधान संशोधन फेलोशिपची सुरुवातच ७०,००० पासून झाली होती. महाराष्ट्रात बार्टी, सारथी, महाज्योती या संस्था आपापल्या समाजघटकांतल्या संशोधकांना आधार देतात. अडचण असते ती दाराशी: यूजीसी-नेटच्या यादीत शिक्षणशास्त्र आणि मानसशास्त्र आहे, वास्तुकला नाही, वास्तुकलेची वाट 'गेट' परीक्षेतून जाते. आवाज, उजेड आणि मुलाचं मन एकत्र तपासायचं तर उमेदवाराला आधी कुठल्या तरी एका विभागाचं व्हावं लागतं. आपण विषय विभागांच्या भिंतींत बांधले आहेत, हा दोष व्यवस्थेचा.

फेलोशिप मिळाली म्हणजे प्रकल्पाचा खर्च सुटला, हाही भ्रमच. ती रक्कम संशोधकाच्या जगण्यासाठी असते. सामाजिक शास्त्रांत पहिल्या दोन वर्षांचं आकस्मिक अनुदान वर्षाला १०,००० रुपये. त्यात प्रवास, झेरॉक्स आणि प्रश्नावल्या बसतात. अव्वल दर्जाचं प्रमाणित ध्वनिमापक बसत नाही. ते विभागाकडून, मार्गदर्शकाच्या प्रकल्पातून किंवा शेजारच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून उसनं आणावं लागतं.

आणि पैसे उशिरा आले तरी काम थोडं लांबेल इतकंच, असं वाटत असेल तर शाळेचं वेळापत्रक पाहावं. कोकणात पत्र्यावरच्या पावसात गुरुजींचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचतो का, हे जून ते सप्टेंबरातच मोजता येतं. विदर्भात वर्ग किती तापतो आणि सकाळच्या शाळेने किती फरक पडतो, हे मार्च-एप्रिलमध्ये. २०२३ मध्ये बार्टीच्या फेलोशिपसाठी संशोधक मुंबईच्या आझाद मैदानात आंदोलनाला बसले होते. अशा वेळी हप्ता पुढे ढकलला गेला आणि संशोधकाचा एक पावसाळा हुकला, तर त्याला पुढच्या जूनपर्यंत थांबावं लागतं. यूजीसीच्या २०२२च्या नियमांनुसार पीएचडीला साधारणपणे मिळणारी वर्षं सहा. त्यात पावसाळेही सहाच.