इंजिनाचा मर्ज आणि मालकाचा हिशेब

आम्ही कापडाचे व्यापारी. थान, मीटर आणि उधारी यांतच आयुष्य गेले. पण ज्याच्या दारात स्वतःचा जुना ट्रक उभा आहे, त्याला इंजिनाची थोडी भाषा कळली पाहिजे. ती न कळल्याने काही वर्षांपूर्वी आमचे पैसे गेले आणि एका इमानदार माणसाचे मनही दुखावले.

आमचा सहा सिलिंडरचा ट्रक मालेगावचे कोरे कापड नाशिकमार्गे भिवंडीला नेत असे. एके दिवशी ड्रायव्हर म्हणाला, "सेठ, गाडी स्लोवर टिकत नाही. हाफते आणि बंद पडते." सकाळी सुरू व्हायला वेळ लागे, मग आवाज वर-खाली होई. एका मिस्त्रीने पंप खोलायला लावला. हजारो रुपये गेले. आठवड्यात पुन्हा तेच. शेवटी ड्रायव्हरने आयडलचा स्क्रू पिळून रेस वाढवली आणि पुन्हा सुरू होणार नाही या भीतीने थांब्यावरही इंजिन चालू ठेवू लागला. डिझेल जास्त लागले. आम्ही चोरीचा संशय घेऊन त्याचा पगार कापला.

मग द्वारकेजवळच्या एका वयस्कर मिस्त्रींनी विचारले, "रात्रभर उभी राहिल्यावर त्रास जास्त होतो ना?" त्यांनी टाकीची लाइन सोडवून, उंचावर ठेवलेल्या डब्यातून फीड पंपाला डिझेल दिले. इंजिन शांत चालू लागले! पंप निर्दोष होता. टाकीकडून येणाऱ्या पाइपच्या जोडावरचा तांब्याचा वॉशर झिजला होता. बाहेर थेंबही दिसत नव्हता. कारण फीड पंप तेथून डिझेल ओढतो, त्यामुळे फटीतून डिझेल बाहेर येण्याऐवजी हवा आत जाते. रात्री तेच डिझेल मागे टाकीकडे उतरते.

व्यापारी बंधूंनी हा क्रम ध्यानात ठेवावा. आधी ॲक्सिलरेटरचा रॉड पूर्ण मागे येतो का ते पाहा. मग जाळी व फिल्टर साफ करून लाइनमधली हवा काढा. इंजिन एकसारखे न चालता ठोके चुकवत असेल, तर मिस्त्रीकडून एकेका नोझलच्या पाइपचा नट जरा सैल करून घ्या. ज्या सिलिंडरला आवाज बदलत नाही, तोच आजारी. काळा धूर म्हणजे डिझेल पुरते जळत नाही, निळा म्हणजे ऑइल जळते. इंजिन गरम झाल्यावरही पांढरा येत राहिला, तर नोझल, टायमिंग किंवा कॉम्प्रेशन तपासा. नंतर टॅपेट, आणि सर्वांत शेवटी पंप व गव्हर्नर. स्क्रू पिळणे म्हणजे ताप उतरवणे. मर्ज तसाच राहतो.

एक सावधगिरी. नट सैल करण्याची रीत जुन्या पंपाच्या इंजिनापुरतीच. नव्या कॉमन रेल इंजिनात दाब हजार बारच्याही वर असतो. तेथे ही युक्ती जिवावर बेतेल. जुन्या इंजिनातही फवाऱ्यापुढे हात नेऊ नये, डिझेल कातडीत शिरते.

नोझल आणि इंजेक्टर बनवणारा मायकोचा, 2008 पासून बॉश नावाचा, कारखाना नाशिकच्या सातपुरातच आहे. जाणकार माणसे आपल्याच शहरात आहेत. घाई आपलीच असते.

वॉशर चहाच्या किमतीत आला. आम्ही ड्रायव्हरचा कापलेला पगार परत दिला आणि माफी मागितली. तो इतकेच म्हणाला, "सेठ, मी तर पहिल्याच दिवशी सांगितलं होतं."

मशीन बिघडली, की प्रथम ती चालवणाऱ्याचे ऐकावे. हिशेब तेथूनच सुरू होतो.